चौथा वेढा

फाकी माझा धाकटा भाऊ. त्याला जे काही येतं ते मी शिकवलेलं. पोहणं, लवंगेच्या झाडावर चढणं, आणि खायला वटवाघळं धरणंसुद्धा. बाप लवकर गेला, त्यामुळे त्याचा बाप मीच. अख्ख्या पेम्बा बेटावर या शामेसारखा शिकारी नाही, असं लोक म्हणायचे, मी नाही.

लांब काठीच्या टोकाला काटेरी वेल बांधायची आणि काठी आंब्याच्या शेंड्यात उभी करायची. फळावर झेपावलेलं वटवाघूळ पंखांनी अडकतं. सगळी करामत बांधणीत. आमच्या घरची रीत म्हणजे काथ्याच्या दोरीचे चार वेढे, मग उलटी गाठ. ती उलटी गाठ गावात दुसरं कोणी मारत नाही. फाकी वेढे तीनच द्यायचा. चारचौघांत किती थपडा खाल्ल्या, पण चौथ्याचा कंटाळा काही गेला नाही.

मग वटवाघळं संपत आली. कबरस्तानाच्या रानात शे-दीडशे उरली असतील. तेव्हा फाकीच घरोघर फिरला, शिकार सोडा म्हणून हातापाया पडला. मला म्हणाला, "दादा, तू सोडलंस तर गाव सोडेल."

मी सोडलं. बापाच्या कबरीपुढे गावादेखत माझ्या आठ काठ्या जाळल्या आणि शपथ घेतली. म्हणून आमच्याकडे वटवाघळांचा सण होतो, नाहीतर कसला सण? फाकीला रानाचा राखणदार केलं, खाकी शर्ट मिळाला. मी जिथे बसेन तिथे सांगायचो, की पोरगं घडवावं तर असं.

मला काय मिळालं? पहिली लवंग. सणाच्या दिवशी सूर्य टेकला की रानातून वटवाघळं उठतात, तेव्हा मोजणी होते. दहा उडाली की या वाडग्यातली एक लवंग त्या वाडग्यात. पहिली लवंग मी टाकायची, मग बाकीच्यांनी. एकोणीस वर्षं हा मान माझा. दुर्बिणीवाले पाहुणे चुकायचे, मी नाही.

यंदाही दुपारपासून ढोल चालू होते. शाळेची पोरं काळ्या कागदाचे पंख लावून धावत होती, बायका विलायती फणस तळत होत्या. मी धुतलेला पांढरा झगा घालून वाडग्यांपाशी बसलो होतो. एवढ्यात म्वाका आजी रानाकडून आली. जळणाला झावळ्या आणायला गेली होती. तिनं एक काठी आमच्यापुढे टाकली. काठीला काटेरी वेल होती, वेलीवर मऊ तांबूस लव चिकटलेली.

ढोल थांबले. गावप्रमुख खातिबूनं काठी उचलली, गाठ बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "शामेदादा, तोंडाला पाणी सुटलं वाटतं." दोघंतिघं हसले.

मी काठी हातात घेतली. गाठ उलटीच होती, आमच्या घरची. वेढे मोजले. तीन.

मी फाकीकडे बघितलं. तो सगळ्यांपुढे खाकी शर्टात उभा होता. मला वाटलं, निदान एवढं तरी म्हणेल, की माझा दादा असलं करणार नाही. तो माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि जखमी पिल्लाशी बोलतो ना, तशा आवाजात लोकांना म्हणाला, "वय झालंय दादाचं. जुनी सवय आहे. आपलाच माणूस आहे, माफ करा त्याला."

वेढे मोजा, एवढं म्हटलं असतं तरी सुटलो असतो. पण एकोणीस वर्षं ज्याचं नाव छाती फुगवून घेतलं, त्याला त्याच तोंडानं चोर म्हणू? आणि मी गप्प बसलो म्हणजे गावाच्या लेखी कबूल केलं.

खातिबूनं माझ्यापुढचे वाडगे उचलले. ते फाकीच्या हातात दिले.

मी मागे जाऊन नारळीला टेकलो. वटवाघळं उठली, आभाळ भरून गेलं. पहिली लवंग फाकीनं टाकली. मी बोटांवर मोजत राहिलो. माझी दोन हजार तीनशे चाळीस झाली. फाकीनं दोन हजार जाहीर केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर तो माझ्याकडे आला. हळूच म्हणाला, "दादा, माझा शर्ट गेला असता. रान कोणी राखलं असतं मग? तुझं काय, तू उद्या विसरशील."

मी काठीवरची दोरी सोडून खिशात ठेवली होती. ती काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"मी चार वेढे देतो," म्हटलं, "हे तुला ठाऊक होतं."

त्यानं मूठ मिटली. परत जाऊन पाहुण्यांबरोबर जेवायला बसला. मी घरी आलो. पुढच्या सणाला मी जाणार नाही.