वेटिंग रूममधली सून

पत्रकाची पहिली ओळ अशी हवी की अन्याय कुणावर झाला ते वाचणाऱ्याला तिथंच कळावं, असं मला विद्यार्थी संघटनेत शिकवलंय. ती सवय सुटत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. लातूरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीला तिच्याच वर्गात येऊ दिलं नाही. दाराशी शिपाई नव्हता. दारही नव्हतं. फोनच्या पडद्यावर एक पांढरी चौकट होती आणि चौकटीत लिहिलेलं होतं, कृपया थांबा, तुम्हाला लवकरच आत घेतलं जाईल.

लॉकडाऊन लागल्यावर हॉस्टेलं रिकामी करायला लावली आणि आम्ही आपापल्या गावी जाऊन पडलो. लातुरात शिक्षण म्हणजे क्लासेस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पोरांचे फोटो आणि मार्क लावलेले फलक, त्यातून उरली जागा तर आकाश. त्या क्लासवाल्यांनी बघता बघता स्टुडिओ थाटले, दिवे आणले, काचेवर लिहायचे फळे आणले. आमच्या कला शाखेकडं होता एक प्रोजेक्टर, तोही टेबलक्लॉथ गुंडाळून कपाटात ठेवलेला. बी.ए. करणाऱ्याला लातुरात लोक विचारतात, "बरं, अन् मग काय करनार?" बी.ए. म्हणजे जसं काही दुखणंच, बरं झाल्यावर माणूस कामाला लागणार.

विभागप्रमुख सरांचा फोन आला. "तू ती पत्रकंबित्रकं मोबाईलवरच करतेस ना गं? मग मीटिंगच्या लिंकापण तूच कर."

मी केल्या. प्रत्येक पेपरची वेगळी खोली. सरांना म्यूट काढायला शिकवलं. एका सरांनी एकदा आख्खा तास म्यूटवर शिकवला आणि वर्गातल्या कुणीही त्यांना सांगितलं नाही. शेवटी "काही शंका?" असं ओठांवरून कळलं तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले. असे बरे दिवस थोडेच गेले. कुणीतरी लिंक बाहेर दिली, बाहेरची पोरं घुसली आणि एका मॅडमच्या तासाला नको नको ते आवाज काढून, नको ते लिहून गेली. मॅडम रडल्या. त्यावर कॉलेजनं फतवा काढला. वेटिंग रूम चालू ठेवायची. हजेरीपटावर जसं नाव आहे तसंच पडद्यावर हवं, रोल नंबरसकट. नाव जुळलं नाही तर आत घ्यायचं नाही. हजेरी कमी भरली तर तोंडी परीक्षेला बसता येणार नाही, आणि तोंडी नाही तर पदवी नाही.

याच दिवसांत तिचं लग्न झालं. अंगणात, मोजक्या माणसांत, तोंडाला रुमाल बांधून. ती अहमदपूरकडची, आणि दिली ती माझ्याच गावात, निलंगा तालुक्यात. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती, पोरीचं शेवटचं वर्ष पुरं होऊ द्या. सासरच्यांनी मान डोलावली. "हाव, शिकू द्या की. आमी काय अडानी हाव का?" मग ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं तिचं स्वतःचं नावही गेलं. ती म्हणाली, नवं नाव कानाला गोड आहे, फक्त हाक मारली की मागं कुणी दुसरी उभी आहे का ते बघावंसं वाटतं.

आता आमच्या गावाविषयी सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं गाव दोन आहे. भूकंपात जे पडलं ते जुनं गाव. नंतर सरकारनं लांब माळावर आखून दिलं ते नवं, सरळ गल्ल्या आणि एकसारख्या घरांचं. मी भूकंपानंतरची, मला जुनं गाव ठाऊक आहे ते फक्त दगडांचे ढिगारे आणि वेड्या बाभळी एवढंच. पण उंचावर ते आहे, म्हणून मोबाईलचा टॉवर तिथं. नव्या गावात फोन लागतो, व्हिडिओ चालत नाही. म्हणून लॉकडाऊनमध्ये गावातली सगळी शिकणारी पोरं सकाळी जुन्या गावात जाऊन ढिगाऱ्यांवर बसायची. म्हाताऱ्यांना प्रत्येक ढीग पाठ. हे सुताराचं, हे तेल्याचं, इथं शाळामास्तर राहायचे. माझी आई रोज बजावायची, "तिथं लई हसू नका गं. खाली मानसं हायती." आम्ही हसत नव्हतो. आम्ही राज्यशास्त्राचा तास ऐकत होतो.

आणि तिथंच, चावडीच्या पडक्या ओट्यावर, तिचा नवरा बसायचा. तो लातूरच्या एका क्लासमध्ये कामाला होता, आता गावातूनच पालकांचे फोन घ्यायचा. दिवसभर त्याचा आवाज ऐकू यायचा. "मावशी, लेकराचं नाव दिसंना व्हय? वरती बोट लावा. तीन ठिपके दिसले? तिथं नाव बदला म्हनून हाय. दाबा. झालं बगा!" फार गोड बोलायचा. किती पोरांची नावं त्यानं त्या ओट्यावर बसून बदलून दिली असतील देव जाणे.

स्वतःच्या बायकोला त्यानं दुसरा फोन दिला होता, त्यावर तिचं नवं नाव टाकून. त्या नावानं ती वर्गात आली आणि चौकटीत अडकली. मी को-होस्ट होते, म्हणजे आत घ्यायचं बटण माझ्याकडंही होतं; मी तिला आत घेतलं. विभागप्रमुख सरांनी विचारलं, "ही कोण? आपल्यात नाही ही," आणि बाहेर काढलं. मी पुन्हा घेतलं. सरांनी पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा मी म्यूट काढून म्हणाले, "सर, ती आपलीच आहे, लग्न झालंय तिचं." सर म्हणाले, "अभिनंदन. पण हजेरीपट काय म्हणतो ते बघ."

मग तिनं जुनं नाव टाकलं, पटावर होतं तसं. दोन तास बरे गेले. फोन घरी चार्जिंगला लावला तेव्हा सासूनं पडद्यावरचं वाचलं. संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात होते.

"हे कु. म्हंजे काय गं?" सासूनं मला विचारलं.

"कुमारी, काकू. कॉलेजच्या पटावर तसंच लिहिलेलं आहे."

"कुमारी? मग आमच्या पोरानं लगीन कुनाशी लावलं? वाजतगाजत झालं न्हाई म्हनून का लगीनच झालं न्हाई म्हनायचं?"

"तसं नाही काकू, परीक्षेपुरतं..."

"परीक्षेपुरती कुमारी! ऐकलंस का रे?"

नवरा उंबऱ्यावर बसला होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. शांतपणे म्हणाला, "ताई, वर्गात पोरं असतेत. ते वाचनार कुमारी. माज्या फोनवरून. मला कसं दिसल ते? माजं नाव लावून शिकू द्या की, मी कुठं न्हाई म्हनलो?"

म्हणजे कॉलेज म्हणतं बापाचं नाव लाव, घर म्हणतं नवऱ्याचं लाव. हिला दोघांत जागा नाही. मी कॉलेजला फोन केला. कार्यालयातून उत्तर आलं, विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आणा, मग पट दुरुस्त करू. ग्रामपंचायतीला कुलूप होतं. नवरा म्हणाला, "आमच्यात तो दाखला आजपस्तोर काढलाय कुनी?" मी निवेदन लिहिलं, चांगलं कडक लिहिलं आणि नांदेडला विद्यापीठाकडं पाठवलं. विद्यापीठ म्हणालं, महाविद्यालयानं आपल्या पातळीवर निर्णय घ्यावा. महाविद्यालय म्हणालं, विद्यापीठाच्या सूचना नाहीत. आणि एवढं करून माझ्या हाती काय आलं, तर सरांनी माझं को-होस्टपण काढून घेतलं. "तू आता फक्त अभ्यास कर," म्हणाले.

तरीही ती रोज यायची. धुणं आटोपून, डोक्यावर पदर, हातात वही. माझ्या शेजारी दगडावर बसायची. तिच्या फोनवर ती पांढरी चौकट आणि माझ्या फोनवर तास. तोच तास ती माझ्या फोनवरून ऐकायची, टिपणं माझ्यापेक्षा नीट काढायची. सर प्रश्न विचारायचे, ती मला हळूच उत्तर सांगायची, मी ते मोठ्यानं म्हणायचे. सर एकदा म्हणाले, "तुझी प्रगती आहे हं." आम्ही दोघी पदर आणि ओढणी तोंडात कोंबून हसलो. हसायचं नाही त्या जागी.

गावच्या नात्यानं मी म्हणायचे, "वहिनी, उठा, तुमची गैरहजेरी लागली."

ती म्हणायची, "गप गं नणंदबाई, मला ऐकू दे."

तोंडीच्या दिवशी हजेरीचा प्रश्न सरांनी जरा सैल सोडला होता, सगळ्यांसाठीच, कारण निम्म्या वर्गाला रेंज नव्हती. पण नावाचा नाही. बाहेरचे परीक्षक होते, रेकॉर्डिंग होणार होतं. ती नव्या नावानं चौकटीत, मी आत. तिच्या अलीकडच्या रोल नंबरची मुलगी उत्तरं देत होती. मी म्यूट काढला. "सर, पुढची विद्यार्थिनी माझ्या शेजारी बसलीय. हे बघा." आणि कॅमेरा तिच्याकडं वळवला. तिनं कॅमेऱ्याला नमस्कार केला.

"दुसऱ्याच्या लॉगिनवरून परीक्षा घेता येत नाही," सर म्हणाले. "तोतयेगिरीत बसतं ते. तिला सांग, योग्य नावानं ये. पाच मिनिटं थांबतो."

तिनं ओट्याकडं बघितलं. तिथं तो कुणा पालकाला समजावत होता, वरती बोट लावा, तीन ठिपके. तिनं वरती बोट लावलं. तीन ठिपके. कु., तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, रोल नंबर. चौकट गेली आणि ती आत आली.

परीक्षक बाई म्हणाल्या, "रेकॉर्डिंगसाठी पूर्ण नाव सांगा."

ओट्यावरचा आवाज थांबला होता. जुन्या गावात भिंती नाहीत, सगळं ऐकू जातं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, वर्गात सांगतात तसं, मोठ्यानं. मग पंचायत राज, मग राज्यपालांचे अधिकार, मग अजून काय काय. एकाही प्रश्नाला अडली नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, "छान." तो तोवर आमच्या मागं येऊन उभा होता. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून बाजूला, हे त्याला बरोबर कळत होतं. कॉल संपला तसा त्यानं हात पुढं केला. तिनं फोन दिला.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"झालं."

"चल मग."

एवढंच. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. गावातल्या बाया नंतर मला म्हणायच्या, "देवमानूस हाय बग, दुसरा असता तर..." दुसरा असता तर काय केलं असतं त्यावरून आपल्याकडं पहिला चांगला ठरतो.

लेखी परीक्षाही फोनवरच होती. सगळ्यांची एका वेळी, आणि एका फोनवर एकच विद्यार्थी. मी सकाळी तिच्या घरी गेले. सासू दारात तांदूळ निवडत होती.

"तिला बरं न्हाई."

"काय झालंय काकू?"

"बाईमानसाला काय होतंय ते. तू जा, तुजा पेपर हाय न्हवं?"

"तिचाही आहे."

"तिची तोंडी झाली की. लई झालं तेवढं."

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी तिला हाक मारली. आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. माझ्याकडं फोन एक होता. मी जुन्या गावात गेले आणि पेपर दिला.

निकालात तिच्या नावापुढं तोंडीचे गुण आहेत, वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे. त्याखाली लेखी, आणि त्यापुढं गैरहजर. महिनोन्महिने ऊन खात त्या दगडावर बसलेली बाई गैरहजर, आणि म्यूटवर तास घेणारे, दाराची कडी हातात धरून बसलेले, नियमांची एकमेकांकडं टोलवाटोलवी करणारे, हे सगळे हजर. विद्यापीठानं त्या वर्षी ऑनलाइन शिक्षणाचं कौतुक करणारी बैठक घेतली. लिंक मलाही आली होती. मी गेले नाही.

मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा झाला होता, कॉलेजचं नाव, विभागाचं नाव, सरांचं नाव, सगळं ठळक. छापण्याआधी तिला दाखवावं म्हणून पाण्याच्या टाकीवर गाठलं. तिनं घागर खाली ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. व्याकरणाच्या दोन चुका काढून दिल्या.

"हे छापू नको," ती म्हणाली.

"का? तुझ्यावर अन्याय..."

"तू हे वाटून लातूरला जाशील. मला इथंच राहायचंय. कॉलेजचं नाव आलं की गाव कळंल, गाव कळलं की घर कळंल."

"तुझं नाव घालत नाही मी."

"कोणतं घालत नाहीस?"

तिनं कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि घागर उचलून घेतली.

"लिहायचंच असलं तर कधीतरी लिही," ती म्हणाली. "पण दोन्ही नावं नको. अन् त्यांचंबी नको, सरांचंबी नको. एकाचं घातलं की सगळ्यांची निघतेत."