बिस्किटला वाढवलेला नारळ

आमची फुटबॉल टीम खालच्या लीगमध्ये घसरली ती माझ्यामुळे. मी त्या दिवशी खेळत नव्हतो. बॉलला पायसुद्धा लावला नाही. मी फक्त एक नारळ फोडला.

'आमची' म्हणजे इथली. इंग्लंडात ब्रॅकनेलला माझं ऑफिस, आणि तिथून जरा लांब, जिथं भाडं झेपतं त्या गावात घर. त्या गावाचा हा निळ्या जर्सीचा क्लब. टीव्हीवर दिसतात ते क्लब वेगळे. आमच्या लीगमध्ये शनिवारी गोल खाल्लेला गोलकीपर सोमवारी तुमचा बॉयलर दुरुस्त करायला येतो! एक पत्र्याची शेड, एक चहाची टपरी आणि रेलिंगला टेकून रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे म्हातारे. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेची मॅच असली की सोयरिकी मोडायची वेळ येते. त्यामुळे मला तिथं पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं.

त्यांना मात्र मी घरचा वाटेना. किती शनिवार घसा फोडला, तेव्हा कुठे बॅरीने मला अवे, म्हणजे परगावच्या, मॅचच्या मिनीबसमध्ये जागा दिली. बॅरी म्हणजे आमच्या सपोर्टर्सचा म्होरक्या. रिटायर्ड प्लंबर, मानेवर क्लबचा शिक्का गोंदवलेला. त्या मिनीबसमधली जागा पैशाने मिळत नाही, कोणीतरी मेल्यावर मिळते. आमच्या खानदानात पहिली डिग्री माझी (इंजिनियरिंग, फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं, पण तो विषय वेगळा), पण खरं सांगतो, त्या रिझल्टला झाला नव्हता एवढा आनंद मला मिनीबसचा झाला.

मॅच होती शेजारच्या गावाशी. सीझनची शेवटची. ड्रॉ झाली तर आम्ही लीगमध्ये टिकणार, हरलो तर खाली. आणि शेजारचं गाव म्हणजे हाडवैर!

नेमकी तेव्हा आई कोल्हापूरहून आलेली. "मी एकटी घरात बसून काय भिंती मोजू?" म्हणाली आणि पिशवी उचलून मिनीबसमध्ये जाऊन बसलीसुद्धा.

त्यांच्या गेटवर स्टुअर्डने ती पिशवी उघडली.

"हे काय?"

"कोकोनट."

"ते दिसतंय, मित्रा. का आहे?"

हा प्रश्न मलाही पडला होता. "ती परक्या गावी जाताना नेते."

"फेकणार नाही ना?"

"छे छे, माझी आई आहे ती!"

त्याने आईकडे बघितलं. आईने त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. तपासणी संपली.

आत गेल्यागेल्या आईने माझी बाही ओढली. "आरं सुन्या, दुसऱ्याच्या गावात आलोय. हितल्या देवाला नारळ दे आधी, मग खेळू देत त्यास्नी."

"आई, इथं शिवेवर देव नसतो. सुपरमार्केट असतं."

"मग त्यो काय हाय?"

गोलपोस्टच्या मागे कोपऱ्यात एक दगड होता. गुडघ्याएवढा, वरपासून खालपर्यंत शेंदरी! पुढे ताजी फुलं. शेजारी पाण्याने भरलेली वाटी.

मी चाट पडलो. (त्या क्लबची जर्सीच नारिंगी. शेडपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत त्यांनी सगळं नारिंगी रंगवलेलं होतं. पण हे सुचायला डोकं जागेवर लागतं.) दगडावर खाली काहीतरी कोरलेलं होतं. घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटने ते वाचलं नाही.

"तू फोड. बायकांनी फोडायचा नसतो," आई म्हणाली.

"आई, मी इंजिनियर आहे."

"म्हणूनच म्हणते. एका दणक्यात फोड."

फोडला! निम्मं पाणी दगडावर, निम्मं माझ्या बुटात. आईने दगडाला हळद-कुंकू वाहिलं, आणि बोटाला उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून जवळच्या गोलपोस्टच्या खांबालाही बोट पुसलं. "आमची टीम तेवढी सांभाळ बाबा," म्हणून आम्ही डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं. चहाच्या टपरीवरची बाई किटली हातात धरून थिजलेली. आणि एक म्हातारा, हातात माती उकरायचा काटा घेऊन, आमच्याकडे येत होता. तो लेन, त्यांच्या मैदानाची निगा राखणारा. डोळ्यांत पाणी.

"तुम्ही खास बिस्किटसाठी आलात?"

बिस्किट कोण, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी "येस" म्हणालो.

लेनने माझा हात घट्ट धरला आणि सगळं सांगितलं. बिस्किट त्याचा कुत्रा. एकदा मॅचमध्ये बॉल गोललाइन ओलांडणार, तेवढ्यात हा पठ्ठ्या धावत आत आला आणि नाकाने अडवला! रेफ्रीने गोल दिला नाही, मॅच त्यांनी जिंकली. म्हणून त्याला इथंच मानाने पुरलं.

"कोणाविरुद्धची मॅच?" मी उगाच विचारलं.

"तुमच्याच!"

मी आईला बाजूला घेतलं. "आई, हे कुत्र्याचं थडगं आहे!"

आईने क्षणभर विचार केला. "असू दे की. दत्ताच्या पायाशी न्हाईत व्हय? त्यातलंच आसंल येखादं."

एवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "लेडीज अँड जंटलमेन, आज पाहुण्या टीमच्या एका कुटुंबाने आपल्या बिस्किटला पारंपरिक भारतीय मानवंदना दिली आहे!" सगळं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. लेनने स्वतःचा नारिंगी स्कार्फ माझ्या गळ्यात घातला. मी नको नको म्हणत होतो, पण रडणाऱ्या म्हाताऱ्याला किती ढकलणार?

पलीकडच्या रेलिंगवर आमची अख्खी मिनीबस हे बघत होती. मी तिथं पोचलो तेव्हा बॅरीची मान गोंदणासकट लाल झालेली.

"सनी," (सुन्या त्याच्या जिभेवर बसत नाही) तो शांतपणे म्हणाला, "माझा बाप मरेपर्यंत त्या कुत्र्याला शिव्या घालत होता. आणि तू त्याला जेवायला घातलंस?"

"बॅरी, तो फक्त नारळ..."

"स्कार्फ काढ."

गाठ बसली होती. निघेना!

मॅच बराच वेळ शून्य-शून्य होती. आम्हाला तेवढंच पुरत होतं. मग त्यांनी गोल मारला. आणि अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली, दगडाच्या बाजूच्याच गोलवर! आमच्या स्ट्रायकरने जोरात मारली. गोलकीपर भलत्याच बाजूला झेपावला. समोर गोल मोकळा... आणि बॉल खांबावर आपटून परत आला. कुंकू लावलेल्या खांबावर!

"बिस्किट! बिस्किट!" सगळं मैदान ओरडायला लागलं. त्यात एक आवाज आईचा होता.

"आई! आपण हरलो!"

"व्हय रं, पण जागृत हाय का न्हाई सांग!"

मिनीबसच्या दारात बॅरी हात पसरून, वाट अडवून उभा होता. मी मुकाट्याने फोनवर ट्रेनची वेळ शोधायला लागलो.

"थांब," तो म्हणाला. "हे ती आमच्या मैदानावर करू शकेल का?"

मी आईला विचारलं. "करू की," आई म्हणाली. "दगड तेवढा बरा बघा म्हणावं."

बॅरीने तिला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, पायांवर स्वतःचा कोट घातला, थर्मासमधला चहा दिला. मला मागे, ओल्या किटच्या पिशव्यांमध्ये जागा मिळाली. वाटेत कोणी माझ्याशी बोललं नाही. आईशी सगळे बोलत होते. तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण लाडू संपेपर्यंत काही अडलं नाही.

पुढच्या रविवारी बॅरी घरी आला. गाडीच्या डिकीत तीन दगड. आईने वाकून एकेक ठोकून बघितला आणि मधला पसंत केला. निळा रंग कोणता द्यायचा यावर दोघांची खाणाखुणांनी चर्चा झाली.

"नवा सीझन ऑगस्टमध्ये," बॅरी मला म्हणाला. "पहिल्या मॅचला तिला घेऊन ये."

"जुलैत परत चाललीय ती. व्हिसा संपतो."

बॅरीने चहाचा कप खाली ठेवला. मग खुर्ची पुढे ओढून, अगदी मनापासून, म्हणाला, "सनी, राग मानू नकोस. पण तिच्याऐवजी तू परत गेलास तर व्हिसावाल्यांना चालेल का, एकदा विचारून बघ ना."