कोल्डरूमच्या आतून आलेलं उत्तर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी आयटीआयचा माणूस, फ्रीज-एसीचा ट्रेड. यंत्र आवाज करतं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडेपर्यंत स्क्रू खोलत राहायचे — एवढंच माझं अध्यात्म. बायको दाराला लिंबू-मिरची बांधायची तेव्हा मी तिची टर उडवायचो. आता बाजारातून लिंबं मीच आणून देतो... हसा खुशाल.

बारामतीहून इंदापूरला जाताना, इंदापूरच्या थोडं अलीकडे, फळांचं एक पॅकहाऊस आहे. द्राक्षं, डाळिंबं निवडायची, खोक्यांत भरायची, कोल्डरूममध्ये गार करायची आणि कंटेनरनं बंदरावर धाडायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचा वकील माझ्यापेक्षा तरतरीत आहे. मी तिथं मशीनरूम सांभाळायचो आणि कोल्डरूमच्या दारावर पणदऱ्याचे तात्या असायचे. दोघंही कंत्राटी. वर्षानुवर्षं तेच काम, पण कंपनीच्या लेखी आम्ही कायम नवखे.

कोल्डरूमचं दार वीतभर जाड. आतून उघडायची कडी कधीचीच मोडलेली, आतली बेल मुकी. मी सांगून सांगून थकलो. "सीझन संपला की बघू" हे ठरलेलं उत्तर. गारठ्यात घालायचं जॅकेट सगळ्यांत मिळून एक, त्याचीही चेन गेलेली. म्हणून तात्यांनी स्वतःच एक पद्धत पाडली होती. तिला आम्ही हाळी म्हणायचो. दार लावायच्या आधी त्यावर मूठ आपटायची आणि आत तोंड करून ओरडायचं, "आत कोन हाय का?" आत कुणी असेल तर त्यानं "हाय!" म्हणायचं. आणि एकदा का "हाय" आलं, की तो माणूस बाहेर येऊन तोंड दाखवेपर्यंत दार लावायचं नाही. साहेब येवो नाहीतर मंत्री.

मग पुण्याहून नवे साहेब आले. तरुण, बोलायला गोड. माणसं जास्त झालीत असं त्यांच्या लक्षात आलं. एके सकाळी तात्या डबा घेऊन गेटवर आले तर वॉचमननं त्यांचा पास काढून घेतला. ना नोटीस, ना निरोप. तात्या म्हणाले, "आरं, आतल्यांना सांगून तरी येतो." तेवढंही करू दिलं नाही. त्या दिवसापासून मशीन आणि दार दोन्ही माझ्या गळ्यात, पगार मात्र तोच. मी गप्प बसलो. घरात मिळवता मी एकटा.

थोड्याच दिवसांनी... टळटळीत दुपार होती. माल आत लावून झाला, हमाल जेवायला गेले. मी दारावर मूठ आपटली. "आत कोन हाय का?"

"हाऽय!"

तात्यांचाच आवाज. तो लांबवलेला सूर साऱ्या पॅकहाऊसमध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता. क्षणभर मला आनंदच झाला — घेतलं वाटतं म्हाताऱ्याला परत! मी वाट पाहिली. कुणी आलं नाही. दाराला क्रेट लावून आत गेलो, रांगांमधून फिरलो. खोकी आणि पंख्यांची घरघर, बाकी चिटपाखरू नाही. बाहेर येऊन थेट तात्यांना फोन लावला.

"तात्या, कुठं हाय तुमी?"

"कुठं म्हंजी? वांगी तोडतोय रानात. का रं?"

काही नाही म्हणालो आणि फोन ठेवला. डोक्यानं म्हटलं, पंख्याचं बेअरिंग गेलं असेल. संध्याकाळी पंखा खोलून पाहिला. बेअरिंग ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. उत्तर यायचं थांबेपर्यंत मी दार उघडंच ठेवायचो. मला हाळी द्यायचीच भीती वाटायला लागली, पण न देता दार लावायचा धीरही होईना. शेवटी एकदा आत जाऊन, वेड्यासारखं मोठ्यानं म्हणालो, "तात्या, चला भाईर, दार लावायचंय." बाहेर आलो, परत हाळी दिली. उत्तर आलं नाही. मग रोज तसंच सुरू झालं. आत जायचं, तात्यांना बोलवायचं, रिकाम्या हातानं बाहेर यायचं आणि मग दार लावायचं. पाठीमागून कुणी चालत येतंय असं वाटायचं. मी कधी वळून पाहिलं नाही, तेवढी छाती नव्हती.

या सगळ्यात दार उघडं राहायचं आणि आतला गारवा जायचा. साहेबांच्या मोबाइलवर लगेच इशारा वाजायचा. एके दिवशी ते स्वतःच येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

"लाव दार."

मी हाळी दिली. आतून "हाऽय!" आलं. साहेबांनीही ऐकलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, ते मी पाहिलंय, शपथेवर सांगतो.

"कॉम्प्रेसरचा आवाज आहे," ते म्हणाले.

"साहेब, कॉम्प्रेसर माझा आहे. तो असं बोलत नाही. एकदा आत जाऊन येऊ द्या."

"उद्या कामावर यायचंय ना?"

आणि त्यांनीच खांदा लावून दार ढकललं, कुलूप घातलं. चावी खिशात. तेवढ्यात आतून दारावर मूठ आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग बराच वेळ काहीच नाही... ते काहीच नसणं मला आजही झोपू देत नाही. मला राहवेना. मशीनरूममधली दुसरी चावी घेऊन मी धावत आलो आणि साहेब ओरडत असतानाच दार उघडलं. आत कुणी नव्हतं. साहेबांनी तिथंच माझा पास मागितला.

गेटबाहेर येतोय तोच तात्यांच्या सुनेचा फोन. ती रडत होती. "भाऊ, मामंजी रानात पडल्यात वो! अंग बर्फावानी गार पडलंय. श्वासच घेत न्हवतं, आत्ता कुठं घ्यायला लागल्यात."

बारामतीच्या दवाखान्यात मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्या अंगावर तीन ब्लँकेटं होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बोटं काळीनिळी. डॉक्टर म्हणाले, अशी बोटं बर्फात ड्यूटी केलेल्या जवानांची होतात, वांग्याच्या रानात हे कसं झालं मला सांगता येत नाही. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. तात्यांना बोलता आलं तेव्हा ते मला म्हणाले,

"दिलीप, कुनीतरी माझ्यावर दार लावलं रं. मी 'हाय' म्हनलो हुतो..."

पॅकहाऊसमधली गोष्ट मी त्यांना तोवर सांगितलेली नव्हती.

माझ्या जागी दारावर पॅकिंग हॉलमधल्या सुनंदाताईंना ठेवलं. हाळीची पद्धत त्यांना ठाऊक होती. कामगार ऑफिसला खेटे घालून मी इंदापूरच्या स्टँडवर चहा पीत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला.

"दादा, तुमी आत कसं काय गेला? तुम्हास्नी तर काढलंय ना?"

"मी स्टँडवर आहे, ताई."

"मग आतनं 'हाय' कोन म्हनतंय?"

त्यांनी फोन दाराकडे धरला आणि हाळी दिली. मी माझ्या कानांनी माझाच आवाज ऐकला. दुरून, पंख्यांच्या घरघरीतून. कपातला चहा हातावर सांडला, तो गरम आहे हेही मला कळलं नाही. मागं साहेब "लावा दार" म्हणून ओरडत होते.

"ताई, पाया पडतो. आत जा, मला नावानं हाक मारा, बाहेर बोलवा. मगच दार लावा."

"माझी नोकरी जाईल, दादा."

"व्हय ताई. जाईल."

त्या आत गेल्या. "दिलीपदादा, चला भाईर" म्हणाल्या. त्या दिवशी मी वाचलो. त्यानंतरही त्या रोज तात्यांना आणि मला तसंच बाहेर बोलवत राहिल्या, बोलणी खाऊन, अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन. सख्खी बहीण करणार नाही एवढं त्या बाईनं माझ्यासाठी केलं.

काल त्या आमच्या घरी आल्या. पास गेलेला. आता दारावर माणूसच लागणार नाही म्हणे. आपोआप लागणारं दार बसवलंय. पुण्यातल्या ऑफिसात बसून मोबाइलवर बोट ठेवलं की बंद.

याचं कारण मला सापडलेलं नाही. पंख्याचा स्क्रू खोलून सापडणारं ते नाही, एवढंच कळतं. कामगार ऑफिसच्या साहेबांना सांगायला गेलो तर त्यांनी मला पाणी विचारलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तुमच्यापैकी कुणाला असं काही माहीत असेल तर कृपा करून लिहा. लवकर लिहा.

हे मी आमच्या गच्चीवर, भर उन्हात बसून लिहितोय. तात्यांना पणदऱ्याहून आणलंय. सुनंदाताई शेजारीच आहेत. तिघांच्याही अंगावर ब्लँकेटं आहेत. ताई मघापासून एकच विचारतायत, "दादा, दार लावायच्या आधी आता तितं इचारनार कोन?"