न तपासता केलेली बरोबरची खूण

घरीच मुलांना शिकवणाऱ्या आपल्या गटातल्या सगळ्यांना विचारतो आहे.

माझी मुक्ता दहा वर्षांची. मी स्वतः सातवीनंतर शाळा सोडली, म्हणून तिचा प्रत्येक धडा आदल्या दिवशी वाचून ठेवतो. पण ती भराभर पुढे जाते. आज सकाळी तिने मी न वाचलेल्या पानावरचं गणित सोडवून वही माझ्यापुढे धरली. मला ते काही कळेना.

आमच्या घरी एकच नियम आहे. येत नसेल तर 'येत नाही' म्हणायचं, लाजायचं नाही. नियम मीच केलेला.

शेजारी शेंगा फोडत बसलेले माझे वडील म्हणाले, "का रं, मास्तरलाच येईना व्हय? म्या कवाधरनं सांगतोय, ईट गावच्या शाळंत घाल पोरीला."

मी बरोबरची खूण केली.

मुक्ता वही घेऊन त्यांच्याकडे पळाली. "बघा आबा, बाबांना सगळं येतंय."

दुपारपासून ते गणित मी चार वेळा केलं. चारही वेळा उत्तर वेगळं आलं. मुक्ता मात्र त्याच रीतीने पुढची गणितं सोडवत बसली आहे. तिला आता काय सांगून थांबवू?