शेजारच्या खाटेवरची बाई

धुळ्याच्या दवाखान्यात माझं डायलिसिस चालायचं, तेव्हा शेजारच्या खाटेवर शिंदखेड्याकडची एक ख्रिस्ती बाई असायची. अंगात नुसती हाडं उरलेली. सुई टोचण्याआधी ती डोळे मिटून येशूशी पुटपुटायची आणि मशीन सुरू होताच शांत झोपायची. दोघांचा आजार तोच, सुई तशीच; मी मात्र छताकडे बघत घामाने भिजायचो. तिचा इतका हेवा वाटायचा की मी तिच्याशी बोलणंही टाळायचो.

एकदा मशीन चालू असताना तिचं बीपी एकदम उतरलं. ती थरथरायला लागली, मोठ्याने रडली, "बापा, माले सोडू नको," म्हणाली. खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. म्हटलं, संपला हिचा विश्वास.

नर्सने तिला सावरलं. मग मी मुद्दाम विचारलं, "अक्का, घाबरलात ना?"

"भीती त वाटनीच ना, भाऊ," डोळे पुसत ती हसली. "माले काही जोर नही. मी देवना हात धरेल व्हता तर कव्हाच सुटी जाता. पन त्यानीच मन्हा हात धरेल शे."

माझा हेवा आणखीच वाढला. तिला असं सगळ्यांदेखत रडता येत होतं. मी बायकोसमोरसुद्धा धीट असल्याचं सोंग करत आलो होतो.

त्या दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला मी म्हणालो, "फार भीती वाटते गं."

"मला कधीचं माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही बोलायची वाट बघत होते."