झुलाल सोनाराचं चांदीचं अंडं

सरकारनं त्रेसष्ट साली चौदा कॅरेटचा कायदा आणला, त्याहून चोख सोन्याचे दागिने घडवायला बंदी केली आणि जळगावच्या सराफ बाजारातल्या कितीतरी शेगड्या विझल्या. मेहरूणचा झुलाल सोनार चौदा कॅरेटला पितळेचा चुलतभाऊ म्हणायचा आणि त्याला हात लावायचा नाही. त्याच्या बरोबरीचे कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये लागले, कोणी केळीच्या गाड्या भरायला रावेरला गेले. झुलाल म्हणायचा, चांदी आहे ना अजून. त्याची बायको भिकुबाई डब्यातलं पीठ चाचपायची.

अशात त्याच्या जुन्या जैन गिऱ्हाइकानं, नेमीचंद शेठनं बोलावलं. नव्या पेढीच्या पूजेला, गादीसमोर ठेवायला, कोणाकडे नसेल असं घड्याळ त्यांना हवं होतं. चांदी शेठची, डोकं झुलालचं. हे पसंत पडलं तर शेठच्या गोतावळ्यातलं सगळं चांदीकाम त्याच्याकडे येणार होतं. नाही तर जिनिंग होतंच.

घाट सापडला तोताराम न्हाव्याच्या दुकानात, रशियाच्या एका गुळगुळीत मासिकात. तिथल्या जुन्या राजाच्या सोनारांनी राणीसाठी घडवलेलं, रत्नं जडवलेलं अंड्याच्या आकाराचं घड्याळ. तोतारामनं ते पान फाडूनच दिलं. मग झुलालला जेवणाची शुद्ध राहिली नाही. पत्रा ठोकून ठोकून त्यानं पोट काढलं, हिरवा मिना भरला, लाल खडे बसवले. यंत्र घरातल्या गजराच्या घड्याळाचं. अंड्याच्या कमरेभोवती आकड्यांची पट्टी फिरायची आणि वेळ दाखवायला फटीतून एक इवलीशी चोच बाहेर आलेली. ही चोच रशियावाल्यांकडेही नव्हती, याचा त्याला फार अभिमान होता.

आता एवढा शहाणा माणूस, जन्म जैनांच्या घरी दागिने देण्यात गेलेला, तिथं अंडं चालत नाही हे त्याच्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. याच घरच्या सुनांच्या जोडव्यांवर त्यानं मासे कोरले होते, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं. सोनाराला घाट दिसतो, बाकी काही दिसत नाही.

पूजेच्या दिवशी त्यानं कापड काढलं. माणसं बघतच राहिली. शेठच्या आई लाडकुंवरबाई पुढे आल्या, कान लावून टिकटिक ऐकली.

"हे काय आहे, झुलाल?"

नारळ म्हटला असता, कळस म्हटला असता, तरी निभावलं असतं. पण काम मनासारखं झालेला माणूस खोटं कुठून बोलणार?

"अंडं आहे, माँजी. पिल्लू बाहेर येतंय बघा."

म्हातारीनं हात मागे घेतला. ती रागावली नाही, हेच वाईट झालं. हळूच म्हणाली, "नेमा, आत जीव वाजतोय. इथून ने ते."

शेठनं झुलालला बाजूला घेतलं. "मोडून टाक. त्याच चांदीचं पूजेचं ताट करून दे."

झुलालनं घरी शेगडी पेटवली आणि आपल्या हातानं ते अंडं मोडलं. खडे काढताना तो रडला, भिकुबाईदेखत. चांदीची लगड झाली, पण ताटासाठी हातोडी उचलायचा आणि तशीच खाली ठेवायचा. शेवटी लगड तशीच शेठकडे पोचवली आणि तो जिनिंगमध्ये लागला.

पुढची सगळी वर्षं त्यानं कापसाची धूळ गिळली. बहात्तर सालच्या दुष्काळात छाती पार बसली. भिकुबाईनं त्याला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. अंगात ताकद नाही, रोज अंडं खायला द्या, असं डॉक्टर म्हणाले.

तिनं कुठूनतरी एक पैदा केलं, उकडून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. झुलालनं ते उजेडाकडे धरलं. अंगठा त्याच्या कमरेवरून हळूहळू फिरवला आणि घड्याळात आकड्यांची पट्टी बसायची तिथं थांबवला.

"द्या, सोली देस," ती अंडं सोलायला हात पुढे करत म्हणाली.

त्यानं मूठ मिटली. "फोडू नको. एक डाव मी फोडं, बस."

तिनं खूप विनवलं. तो गेला तेव्हाही मूठ तशीच होती. ती उघडायला नर्स पुढे आली, तर भिकुबाईनं तिचा हात धरला.