पिवळ्या फितींचा रविवार

सकाळचा चहा मामाने बसून प्यायलेला कुणी कधी पाहिला नाही. कप हातात घेऊन तो घरभर फिरायचा, मध्येच काहीतरी आठवायचं, कप असेल तिथे टेकवायचा आणि निघायचा. मग मामीला दिवसभर अर्धे कप सापडत राहायचे. चपलांच्या कपाटावर, इस्त्रीच्या टेबलावर, एकदा तर धुतलेल्या चादरींच्या घडीवर. "एक गोष्ट तळापर्यंत नेली असेल या माणसाने तर शपथ," असं पुटपुटत ती ते गोळा करायची.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. बावीस वर्षं. दोष त्याला कानाने कळायचा. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी लिफ्टमध्ये तो मान तिरकी करून वर बघत राहायचा आणि बाहेर पडल्यावर हळूच सांगायचा, "दोन महिने. फार तर." नावं त्याच्या लक्षात राहत नसत, माणसं डोक्यात मजल्यांनी लावलेली होती. पाचव्याचे आजोबा. तेराव्याची भांडकुदळ.

नदीपलीकडे, शहर संपतं तिथे, आठ उंच इमारती झाल्या आणि त्यांच्या लिफ्ट मामाकडे आल्या. नव्या लिफ्ट नव्या चपलांसारख्या असतात, थोडे दिवस चावतातच. एका दुपारी नवव्या मजल्यावर राहणारी एक नर्स अडकली. ड्यूटीवरून परत येत होती, एकटी. आतला दिवा गेलेला. मामा बाहेरून दाराशी झटत होता.

"काका, तुम्ही बोलत राहा," आतून ती म्हणाली. "काहीही बोला. आवाज थांबला की मला भीती वाटते."

मामाला गप्पा मारता यायच्या नाहीत. हवापाणी दोन वाक्यांत संपलं. मग त्याने लहानपणी चर्चमध्ये पाठ केलेली गीतं म्हणायला सुरुवात केली, भसाड्या आवाजात, पाना अडेल तिथे ओळ तोडत. तिसऱ्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला आतून तिचा आवाज मिसळला.

दार उघडलं तेव्हा ती घामाने भिजली होती. "तुमचं चर्च कुठे आहे?" तिने विचारलं. मामाने सांगितलं. दोन बस बदलून सव्वा तास. लहानपणी ती दर रविवारी गावच्या चर्चला जायची. नोकरीसाठी गाव सुटलं आणि त्याबरोबर तेही सुटलं, त्याला सात वर्षं झाली होती. "इथे कुठे असतं तर आले असते," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

ती सहज बोलली असेल. मामा सहज ऐकणाऱ्यातला नव्हता.

चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांच्या बैठकीत तो उभा राहून बोलला. नदीपलीकडे नवीन चर्च हवं, आणि यंदाच हवं. मंडळीतले सगळ्यात जुने वडील म्हणजे घड्याळकाका. उपदेश लांबला की मनगट कानाला लावून बघायचे. ते म्हणाले, "एका बाईला लिफ्टमध्ये देव आठवला म्हणून चर्च काढायचं? उद्या बसमध्ये कुणाला आठवला तर?" सगळे हसले. मामाही हसला. पण खाली बसला नाही.

शेवटी पाळकसाहेबांनी मार्ग काढला. सहा घरं, तेवीस माणसं, वर्षभर मामाबरोबर जातील. धाकटे पाळक दर रविवारी उपासना घेतील. वर्षानंतर तिकडची माणसं पुढे आली नाहीत, तर दार बंद करून सगळ्यांनी परत यायचं. "रोप लावून बघू," ते म्हणाले. "फक्त मुळं धरली का हे बघायला रोज उपटू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे."

जागा मिळाली ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका नृत्याच्या क्लासची. रविवारी सकाळी ती रिकामी असायची. एक अख्खी भिंत आरशाची होती. मामा त्यावर खूश. "तेवीसची शेहेचाळीस दिसतील."

"आणि रिकाम्या खुर्च्या?" मामीने विचारलं.

ते त्याने ऐकलं नाही. तो खुर्च्यांच्या रांगा मोजपट्टीने आखत होता.

मामाने चर्चची तयारी लिफ्ट बसवावी तशी केली. त्याच्या धंद्यात प्रत्येक कामासमोर एका माणसाचं नाव असतं. ज्याच्यासमोर नाव नाही, ते काम झालेलं नसतं. तशी त्याने यादी केली. फाटकाशी दोघं. जिन्याच्या पायथ्याशी एक, प्रत्येक वळणावर एकेक, दाराशी दोघं. गीतांची पुस्तकं द्यायला, खुर्ची दाखवायला, माईकला, पंख्यांना, लहान मुलांना, चहाला. कुणाला विचारायचं ते नव्या माणसाला कळावं म्हणून प्रत्येकाच्या खांद्यावर पिवळी फीत. "नव्या जागी आलेला माणूस पहिल्या दोन मिनिटांत ठरवतो, थांबायचं की निघायचं," तो आम्हाला परत परत सांगायचा. "ती दोन मिनिटं त्याला एकटं सोडायचं नाही." मला पहिलं वळण मिळालं. दोन रविवार सराव झाला. तेव्हा जुन्या चर्चची माणसं हौसेने येऊन खुर्च्यांवर बसली होती, त्यामुळे सगळं झकास वाटलं.

त्या आठवड्यात मामा दोनदा जेवणाच्या ताटावरून उठून गेला. एकदा फाटकापासून दारापर्यंत किती पावलं होतात ते बघायला, आणि एकदा कशाला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

पहिल्या रविवारी साडेनवाला दहा मिनिटं असताना नर्स आली; मामाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. फाटकाशी दोघांनी तिचा हात हातात घेतला. जिन्यापाशी एकाने. मी वळणावर "या, दुसरा मजला," म्हटलं आणि तिच्या मागोमाग वर गेले, कारण पहिल्या वळणावरच्याने पाहुण्याला दारापर्यंत सोडायचं ठरलेलं. ती दारात पोचली आणि थांबली.

चाळीस खुर्च्या. एकीवरही माणूस नाही. भिंतींना लागून पिवळ्या फितींची माणसं, सगळी तिच्याकडे बघून हसणारी. आरशात आणखी चाळीस खुर्च्या आणि आणखी तेवढंच हसू.

"मी लवकर आले का?"

"छे, अगदी वेळेवर," चार जण एकदम म्हणाले.

"कुठे बसू?"

"कुठेही बसा," मामा म्हणाला. "सगळं मोकळंच आहे."

तिने खुर्च्यांकडे पाहिलं, मग आरशाकडे. "आलेच मी," ती म्हणाली. "फोन खाली राहिला." फोन तिच्या हातातच होता. उतरताना वाटेत जो जो फीतवाला भेटला तो शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "पुन्हा नक्की या."

मग मामीने खांद्यावरची फीत सोडली आणि पहिल्या रांगेत धपकन बसली.

"अहो, सगळे वाढपीच उभे केलेत. जेवायला कोण बसणार होतं?"

मामाने खिशातून यादी काढली, वरपासून खालपर्यंत वाचली. तेवीस नावं, तेवीस कामं. बसणं हे काम त्यात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो रोज काहीतरी निमित्त काढून त्या इमारतीत गेला. नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडझाक करत उभा राहायचा, पण तिची बेल वाजवली नाही. मामी म्हणाली, "एवढं वाटतं तर जाऊन बोला तिच्याशी." तो म्हणाला, "नको. आधीच आपण सगळे तिच्या अंगावर गेलो." आणि चपला घालून बाहेर पडला, कुठे ते न सांगता.

दुसऱ्या रविवारी फिती नव्हत्या. दाराशी स्टुलावर एकटी मामी. बाकीचे सव्वानवालाच जागेवर बसलेले. नर्स आली नाही. तिसऱ्याही रविवारी नाही. मामा खुर्चीच्या कडेवर बसून, धाकटे पाळक काय बोलतात याचा पत्ता नसल्यासारखा, आरशातून दाराकडे बघत राहायचा.

चौथ्या रविवारी ती आली. दहा वाजून गेले होते, उपदेश अर्धा झाला होता. रात्रपाळी करून तशीच आलेली. कुणाकडे न बघता शेवटच्या रांगेत भिंतीशी बसली आणि पाच मिनिटांत झोपली. हलकं घोरूही लागली. शेजारच्याने तिला हलवायला हात पुढे केला, तर मामाने लांबून जवळजवळ धावत येऊन त्याचं मनगट धरलं.

उपासना संपली. बारापर्यंत जागा रिकामी करून द्यायची असायची. मामाने आवाज न करता खुर्च्या मिटल्या, तिच्याभोवतीची एक रांग सोडून. नृत्याच्या बाई आल्या. त्यांच्याकडून दहा मिनिटं मागून घेतली, मग आणखी दहा. येरझाऱ्या मात्र चालूच होत्या, चपला हातात घेऊन.

ती जागी झाली. "संपलं?"

"संपलं. पुढच्या रविवारी परत आहे."

"पुढच्या वेळी जागी राहीन."

"काही घाई नाही," मामा म्हणाला. मामीला इतकं हसू आलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

पुढे ती तिच्याच इमारतीतल्या पाचव्याच्या आजोबांना घेऊन आली. ते सुनेला घेऊन आले. वर्ष भरलं तेव्हा सहातली तीन घरं जुन्या चर्चला परतली, तीन राहिली, आणि त्या इमारतींमधली अकरा माणसं होती, त्यातली दोन गीतांचा सूर धरू शकणारी. घड्याळकाका पाहणीला आले. निघताना म्हणाले, "वेळेवर संपलं. टिकेल." दार उघडं राहिलं.

मामा त्यामुळे शांत झाला असं नाही. त्याला आता धाकट्या पाळकांचा घसा, जिन्याचा कठडा आणि पाचव्याच्या सुनेचा अबोला, सगळ्याचीच काळजी असायची. दुसऱ्या वर्षी एका रविवारी पहाटे तो झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी त्याला थोडा ताप होता, मामीने बाहेर पडू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्लास उघडायला मी जाणार होते. त्याने मला तीनदा फोन केला, एकदा किल्लीसाठी, एकदा माईकच्या वायरीसाठी. तिसऱ्यांदा म्हणाला, "आणि ऐक, गेल्या गेल्या खिडक्या उघड. शनिवारी मुली नाचून गेलेल्या असतात, खोली कोंदट होते."